पोचे नसलेली चार टिनं

१

आमच्या शेडात ऊन दारातून येतं. त्या दिवशी ते वरून येत होतं.

न्याहारीचं फडकं हातात धरून मी दारातच थांबले. छपराला माणूस जाईल एवढं भगदाड पडलं होतं. निळं टिन मधोमध दुमडून लोंबत होतं आणि बरोबर त्याच्या खाली, फरशीवर, आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी शालिग्राम पालथा पडला होता. एक चप्पल पायात, दुसरी कुठं दिसेना.

कापूस असता तर वाचला असता, हे मला आधी सुचलं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत या शेडात छातीएवढा कापूस असतो, पडलेला माणूस हसत उठेल. पण हा मे महिना होता. खाली नुसती फरशी.

"शालिग्राम! अरे बोल बे काही!"

नाकाशी हात धरला. श्वास होता, पण पातळ. कानामागून रक्ताची रेघ आली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. मी ओरडले ते तीन वावरं ऐकू गेलं असेल.

मी झुंबरबाई. धामणगाव बढ्याच्या अलीकडं आमचं गाव. शाळा दुसरीपर्यंत, पण नवरा गेल्यावर वीस वर्षं ही शेती मी एकटीनं ओढली, आणि मला फसवून गेला असा माणूस मी अजून पाहिला नाही. हे छप्पर माझ्याच निवडीचं. दुकानात उभं राहून मी सांगितलं होतं, पस्तीसचं नको, पन्नासचं टिन दे. एका मिलिमीटरचे शंभर भाग करा; त्यातले पन्नास म्हणजे पन्नासचं, पस्तीस म्हणजे पस्तीसचं. दिसायला दोन्ही निळी, दोन्ही चकचकीत. माझं टिन वाकत नाही, असं मी गावभर ऐकवलं होतं. आता ते पळसाच्या पानासारखं दुमडलं होतं.

माणसं जमली, जीप आली. तेवढ्यात माझा मुलगा भगवानराव मोताळ्याहून आला, सरकीच्या बीटी बियाण्याची पाकिटं काखेत घेऊन. आत शिरला आणि त्यानं शालिग्रामकडं पाहिलं नाही. आधी वर पाहिलं.

"शिडी कोनं देल्ली याले?" तो म्हणाला.

"शेजारच्या वावरातून आणली त्यानं. आपली शिडी सापडते कुठं? दोन महिने झाले. तू आधी उचल त्याले!"

भगवानच्या काखेतली पाकिटं खाली पडली. शालिग्रामला जीपमध्ये घालून तो बुलढाण्याला गेला.

लोक मला विचारत होते, हा वर चढला कशाला. कडेचं टिन वाऱ्यानं फडफडत होतं, स्क्रू आवळायला मीच चढवलं, हे मी सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती गिळली.

कोणत्या टिनावर पाय ठेवायचा, हेही मीच त्याला सांगितलं होतं.

२

दुपारपर्यंत गावानं चोर ठरवून टाकला होता.

फाट्यावर जहांगीर मिस्तरीचं दुकान आहे. दारं, जाळ्या, टिनाची छपरं, सगळ्या पंचक्रोशीची कामं तो करतो. आमचं शेडही त्यानंच केलं. मी पोचले तेव्हा शालिग्रामचा भाऊ शेषराव दहा-बारा माणसं घेऊन दुकानासमोर उभा होता. त्याच्या हातात पेट्रोलची कॅन होती आणि झाकण उघडं होतं.

"जाड टिन काढून विकलं यानं, आन पातळ ठोकलं," शेषराव म्हणाला. "माह्या भावाले काही झालं तर हे दुकान राख करतो, माय. मधात पडू नको."

जहांगीर दुकानाच्या पायरीवर बसला होता. पन्नाशीचा माणूस, पण शाळेत मार खाऊन बसवल्यासारखा. मागं त्याची बायको अख्तरी दाराची कडी घट्ट धरून उभी.

"काय बे जहांगीर, टिन कोणतं ठोकलं होतं तू?"

"पन्नासचं, काकू. दोन वर्षाआधी चोवीसच्या चोवीस पन्नासची ठोकली. अल्लाची कसम."

"मंग दुमडलं काऊन?"

तो जमिनीकडं पाहत राहिला.

"तोंडात काय सुपारी हाय का? बोल ना!"

"मी बोललो तर आग दुसरीकडं लागीन, काकू. मले नका विचारू."

"पाहा!" शेषराव ओरडला. "चोराले बोलता येते का?"

"काकू," अख्तरीचा आवाज फुटला, "सकाळपासून पाणी बी नाही प्याले हे. तुमीच काही करा. आत माह्या दोन पोरी हायेत."

त्या दाराआड मला चार डोळे दिसले. पेट्रोलचा वास माझ्या नाकात गेला. मी पुढं होऊन शेषरावच्या हातातल्या कॅनचं झाकण लावलं.

"दिवस मावळेपर्यंत थांब. हे कोनं केलं ते मी सांगतो तुले."

"आन नाही सापडलं तर?"

"तर माझं नाव झुंबर नाही."

"तुझं नाव बदललं तर माझा भाऊ उठीन का, माय?"



३

ऑटो करून मी धामणगाव बढ्याला गेले. टिन विकणारा वामनराव. मला पातळ माल चिकटवला असेल तर यानंच, असं धरूनच मी पायरी चढले.

"तू मले पन्नासच्या भावात पस्तीसचं देल्लं का, वामनराव?"

"या, बसा," तो हसला. "पाणी घ्या, मंग शिव्या द्या. झुंबरबाईले फसवून मले दुकान चालवाचं नाही का? तुमी माल उतरताना एकेक टिन तोलून घेतलं होतं, तुमच्याच कापसाच्या काट्यावर. इसरल्या?"

खरंच. मीच तोललं होतं.

"बारा फुटी पन्नासचं टिन सतरा किलो भरते," तो म्हणाला. "पस्तीसचं बारा. हाताले नाही कळत, डोळ्याले नाही कळत. काट्याले कळते."

"पण लोकं पस्तीसचं टाकतात की घरावर. कोणी पडत नाही."

"पाइप जवळ असले तर नाही पडत. जाडी टिनावर नाही ठरत बाई, खालच्या पाइपांवर ठरते. अडीच-तीन फुटांवर पाइप असला तर पस्तीसचं मजेत राह्यते. तुमच्या शेडात पाइप पाच-पाच फुटांवर हायेत, कारण तुमी पन्नास घेतलं होतं. तिथं पस्तीसचं टाकलं अन् मधात पाय पडला, का गेला माणूस." मग त्यानं चिमटा काढलाच. "तवा मी म्हणलं होतं, लोकं लेकराच्या डोक्यावर पस्तीस टाकतात, ह्या कापसाच्या डोक्यावर पन्नास टाकून राह्यल्या."

ते बोलणं मला लागतं, आणि का लागतं ते सांगते. बीटी आलं तसा कापूस वाढला आणि ठेवायला जागा उरली नाही. मी मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरायची. घरातली सगळी माणसं अंग खाजवायची. तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी सुचिता पहिल्या बाळंतपणाला आली, त्याच खोलीच्या दाराशी तिची बाज. दहाव्या दिवशी बाळाच्या अंगावर लाल पुरळ उठलं. ती म्हणाली, "माय, कापूस बाहेर काढ, नाहीतर मी निंगतो." मी म्हटलं, निंगली तर या उंबऱ्यात पाय ठेवू नको. ती ओली बाळंतीण असतानाच निघाली, दुसरबीडला सासरी. पुढच्या वर्षी मी वावरात शेड बांधलं आणि कापूस तिकडं हलवला. पण ते तिच्यासाठी, असं मी कोणाला म्हणू दिलं नाही. घरात तिचं नाव निघत नाही.

"यंदा पस्तीसची बारा फुटी निळी कोनं नेली?" मी विचारलं.

"गारपीट-वादळानंतर लोकांची झुंबड होती. पन्नासचं तर महिनाभर एक नव्हतं दुकानात. पाडव्यानंतर निळी चार गेली." तो थांबला. "जहांगीरनं नेली."

पाण्याचा भरला गिलास तसाच ठेवून मी उठले.

४

परत आले तेव्हा चार वाजून गेले होते आणि वारं सुटलं होतं. शेडात शिरले तर वरची टिनं खडखड वाजत होती. माझ्याच छपराची मला भीती वाटू लागली. यातली कोणती धरतील, कोणती सोडतील? मी भिंतीला चिकटून चालले.

विहिरीवरच्या दोन बायांना बोलावून लोंबतं टिन बांबूनं खाली पाडलं आणि कापूस तोलायच्या, तीन पायांच्या तिकटीवरच्या काट्याला लावलं.

बारा किलो.

म्हणजे टिन बदललं होतं. जहांगीरनं चार नेली होती. शेषरावचं खरं ठरत होतं. दोन-अडीच तासांत दिवस मावळणार होता आणि त्या दोन पोरींचे चार डोळे माझ्यासमोरून हलेनात.

मी मान वर केली. चैतात जळगाव जामोदला भावाकडं राहून मी मोतीबिंदू काढला. त्याआधी मला छप्पर म्हणजे निळा धूर दिसायचा. आता एकेक स्क्रू दिसतो. गेल्या आठवड्यात याच नव्या डोळ्यानं मला पहिल्यांदा दिसलं, की फाल्गुनातल्या गारांनी टिनांना पोचे पाडलेत. खालून पाहिलं तर छपराला देवी आल्यासारखे फोड. पण विहिरीकडच्या उतारावर चार टिनं कशी गुळगुळीत, आरशासारखी. मला केवढा आनंद झाला! आज सकाळी मी शालिग्रामला म्हटलं होतं, "पोचे पडलेली लेचीपेची निघाली. गुळगुळीत चार हायेत ना, ती अस्सल. त्याच्यावर बिनघोर पाय ठेव."

ते आठवलं आणि मी फरशीवर बसले. शालिग्रामचं रक्त अजून तिथं होतं.

बसल्या-बसल्या मोजलं. पोच्यांची वीस. गुळगुळीत तीन, आणि एक पडलेलं. चार.

लिंबाएवढ्या गारा होत्या त्या. आमच्या बैलाचं शिंग मोडलं. त्या गारांनी वीस टिनांना ठोकलं आणि मधली चार सोडली? गारा काय टिन पाहून पडतात?

त्या चारांवर गारा पडल्याच नव्हत्या. गारा पडल्या तेव्हा ती चार तिथं नव्हतीच.

 म्हणजे फाल्गुनानंतर बदलली. आणि कधी? जुना सालदार पाडव्याला सुटला. शालिग्राम आखाजीला, अक्षय्यतृतीयेला लागला. मधला महिनाभर वावरात राहणारं माणूस नाही, आणि मी डोळ्याला पट्टी बांधून भावाच्या घरी. असा रिकामा महिना बाहेरच्या चोराला कसा माहीत?

आणि शिडी? जहांगीर स्वतःची शिडी घेऊन येतो. आमची शिडी गेली कुठं?

मी घरी गेले. गोठा पाहिला, माळा पाहिला, मग मागं कडब्याची गंजी. वरच्या चार पेंढ्या ओढल्या, हात आत घातला, आणि हाताला गार लोखंड लागलं.

चोर शिडी चोरतो. लपवून ठेवत नाही. शिडी तो लपवतो, ज्याला ठाऊक आहे की वर चढेल तो पडेल, आणि ज्याला वाटतं की कोणी पडू नये. तो माणूस माझ्याच घरातला होता.

सकाळी रक्त पाहण्याआधी छप्पर कोणी पाहिलं? पडलेल्या माणसाची चौकशी करायची सोडून शिडीची कोणी केली?

दारात जीप थांबल्याचा आवाज आला.

५

भगवान आत आला आणि मी अंगणात मांडून ठेवलेली शिडी त्यानं पाहिली. तो ओसरीच्या खांबाला टेकून खालीच बसला.

"शालिग्राम?"

"डोळे नाही उघडले अजून. डोक्याचा फोटो काढला. उद्या सांगतील."

"टिनं कुठं हायेत, भगवान?"

तो पायातली चप्पल काढू लागला.

"विकली?"

"नाही माय. विकाले मी काय चोर हाय?"

"मंग?"

"तू ऐकणार नाही."

"मले मारलं तरी चालीन, पण बोल! तिकडं फाट्यावर अख्तरीच्या पोरी दाराआड उभ्या हायेत अन् शेषराव पेट्रोल घेऊन बसला."

त्यानं तोंड ओंजळीत धरलं. "दुसरबीडले हायेत."

मला ते गाव ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला.

"इकडं गारा पडल्या त्या दिवशी तिकडं नुसतं वारं होतं. सुचिताच्या घरावरची चार टिनं उडाली. तिच्या घराले पाइप कमी, पाच-पाच फुटांवर. तिथं पस्तीसचं टाकलं होतं, वाऱ्यानं कागदासारखं नेलं. नात तीन वर्षांची, ताडपत्रीखाली झोपे. वामनरावकडं पन्नासचं एक नव्हतं. मी जहांगीरभाईले म्हणलं, शेडातली चार काढ, तिकडं ठोक. इथं सध्या पस्तीसची लाव, नवा माल आला की बदलू. खाली तर कापूसच राह्यतो. कापसाले काय होते?" तो रडू लागला. "नवा माल आला तवापासून रोज म्हणतो आज बदलू, आज बदलू. तू वावरात असते. तुह्या समोर कसा बदलू?"

"अन् मले काऊन नाही सांगतलं?"

त्यानं मान वर केली. "तिचं नाव कोनं घ्याचं होतं तुह्यापुढं, माय?"

"जहांगीर?"

"मीच कसम घातली होती त्याले. तो तर पाच वेळा म्हणला, वर कोणाले चढू देऊ नका. म्हणून मी शिडी लपवली."

उन्हं भिंतीवरून उतरत होती.  आतापर्यंत मी चोर शोधत होते. सापडली ती माझी भीती. मला भिऊन मुलगा बोलला नाही, मिस्तरी बोलला नाही, आणि मी नव्या डोळ्याच्या तोऱ्यात एका माणसाला बरोबर त्या टिनावर उभं केलं. गप्प राहिले तर अजूनही निभावलं असतं. जहांगीर कसम मोडणार नव्हता. दुकान त्याचं जळलं असतं, घर माझं राहिलं असतं.

हे मनात आलं, नाही असं नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"ऊठ," मी म्हटलं. "शिडी घे खांद्यावर."

६

फाट्यावर माणसं वाढली होती. शेषरावनं कॅनचं झाकण पुन्हा काढलेलं दिसलं. आम्हा दोघांना, आणि शिडीला पाहून वाट झाली.

जहांगीरनं भगवानकडं पाहिलं आणि उठून उभा राहिला. "काकू, राहू द्या," तो म्हणाला.

"तू बस. तुले मघाशी बोल म्हणलं तवा नाही बोलला, आता मी बोलतो."

मी सगळं सांगितलं. गारा, चार टिनं, काटा, शिडी.  मुलीचं नाव आलं तिथं अडखळले, पण घेतलं. सुचिता. तीन वर्षांनी माझ्या तोंडून निघालं, तेही पेट्रोलच्या वासात.

"मिस्तरीनं धन्याच्या पोराचं ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा," मी म्हटलं. "टिन माह्या पोरानं बदललं. अन् शेषराव, तुह्या भावाले त्या टिनावर पाय ठेवाले मी सांगतलं. गुळगुळीत ते मजबूत, असं मी म्हणलं. मी."

 शेषराव माझ्या तोंडाकडं पाहत होता. कॅन त्याच्या हातात तशीच, माझ्या लुगड्यापासून वीतभर. एक थेंब मातीत पडला, तो मी पाहिला.

"हे लिहून देशील का, माय? पोलिसात?"

"सही करतो. अंगठा नाही."

त्यानं कॅन खाली ठेवली. पण जाताना म्हणाला ते मी अजून विसरले नाही: "तो तुले देव मानते, माय. तू सांगतलं असतं, तर त्यानं विहिरीवर बी पाय ठेवला असता."

आत अख्तरीनं जहांगीरला पाण्याचा तांब्या दिला. तो पिताना सगळ्यांना ऐकू येत होतं.

७

शालिग्रामनं तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. कंबर मोडली आहे. चालेल, पण सालदारकी होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याचं घर आता आमच्या शेतीवर चालेल, तो चालो न चालो. हे मी कागदावर सही करून दिलं. मी खाटेशी गेले तर तो पुटपुटला, "माय, मी पाय गुळगुळीत टिनावरच ठेवला होता बरं." त्याला वाटत होतं, चूक त्याचीच.

जहांगीरनं शेडावरची पस्तीसची उरलेली तीन टिनं उतरवली आणि चारही जागी पन्नासची ठोकली. या वेळी मी खाली उभी होते, आणि एकेक तोलून वर दिलं.

मग मी एसटीनं दुसरबीडला गेले. दुपारची वेळ. सुचितानं दार उघडलं आणि वाट अडवून उभी राहिली. बारीक झाली होती. नाक माझं, ताठाही माझाच.

"टिनं न्याले आली का, माय?"

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. तिनं या उंबऱ्यात पाय ठेवू नको म्हटलं असतं, तर मला परत फिरावं लागलं असतं. तो हक्क मीच तिला दिला होता.

"नाही," मी म्हटलं. "पाहाले आली."

ती थोडी बाजूला सरली. आत बाजेवर नात झोपली होती, अंगावर पुरळ नाही, काही नाही. तिच्या बरोबर वर चार निळी टिनं. या गावात गारा पडल्याच नव्हत्या, आणि त्या टिनांवर आमच्या गावच्या गारांचे पोचे होते. वारं आलं. मी श्वास धरला. टिनं हलली नाहीत.

"उभी काऊन? बस ना," सुचिता म्हणाली. "वर काय पाहून राह्यली?"

"पोचे मोजतो," मी म्हटलं. "मोजू दे."